डिस्कला लागलेल्या तेलाविषयी

बस स्थानकासमोरील सायकल दुरुस्ती दुकानाच्या मालकाची थोरली मुलगी, वय २३ वर्षे, शिक्षण बी. एस्सी., व्यवसाय वडिलांच्या दुकानात कारागीर, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत. आज बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की,

घडलेले तोंडी सांगितल्यावर मला पहिला प्रश्न असा विचारण्यात आला : वडील ब्रेकच्या डिस्कला तेलाचे फडके लावत असताना तू पाहिलेस, तर तेव्हाच बोलली का नाहीस? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. कालपासून मी स्वतःलाही तोच विचारते आहे. बाकी जे घडले ते मला माहीत आहे, ते क्रमाने सांगते. हा जबाब मी माझ्याच हाताने लिहीत आहे, कारण ठाण्यातील हवालदारसाहेब म्हणाले, "तूच लिही. माझं अक्षर दुसऱ्या दिवशी माझं मला लागत नाही."

परवा सोमवारी सकाळी साधारण सव्वादहा वाजता एक प्रवासी सायकल हातात धरून चालत दुकानात आले. वय साठीच्या पुढे. भूगोलाचे निवृत्त शिक्षक असल्याचे त्यांनी सांगितले. सायकल लांबच्या प्रवासाची होती. पुढच्या व मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, वर तंबू, असे एकूण तीसेक किलो सामान होते. वडील म्हणाले, "मास्तर, अख्खा संसार घेऊन निघालात की काय?" ते म्हणाले, "संसार घरी ठेवून आलोय, उस्ताद. हे नुसतं सामान."

त्यांची तक्रार अशी होती की, उतारावर मागचा ब्रेक कर्कश किंचाळतो आणि दोन दिवसांपासून लिव्हर हँडलला जवळजवळ टेकते. पुढे घाट उतरायचा असल्याने ते जोखीम घ्यायला तयार नव्हते. त्यांचे शब्द असे होते : "मला वेग नको, मला थांबता आलं पाहिजे."

या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. नेहमीच्या सायकलीत ब्रेकचे रबर चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला घासते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्याजवळ पोलादाची एक पातळ चकती असते आणि दोन छोटे पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. असे ब्रेक आमच्या दुकानात गेल्या वर्षापासून येऊ लागले. पदवी झाल्यावर मी दहा दिवसांचे प्रशिक्षण घेतले आहे. त्यामुळे हे काम मी करते, वडील करत नाहीत. परवाचे कामही मीच केले. काल वडिलांनी दिलेल्या जबाबात मी त्या दिवशी दुकानात नव्हते असे लिहिले आहे. ते खरे नाही.

काम मी पुढीलप्रमाणे केले. आधी सामान उतरवले. मागचे चाक चौकटीत सरळ बसले आहे का ते पाहिले, कारण चाक तिरके बसले तरी डिस्क घासते. चाक सरळ होते. चाक फिरवून डिस्क वाकडी आहे का ते पाहिले. एका जागी किंचित लचकत होती, ती स्वच्छ पान्ह्याने सरळ केली. मग पॅड काढले. मागच्या पॅडचे अस्तर अर्ध्या मिलिमीटरवर आले होते आणि उरलेले काचेसारखे गुळगुळीत झाले होते. किंचाळण्याचे कारण ते होते. लिव्हर टेकण्याचे कारण वेगळे होते. लिव्हरपासून ब्रेकपर्यंत जाणारी तार आतून तुटत आली होती, एकोणीस धाग्यांपैकी पाच सुटले होते. मास्तरांना ते दाखवल्यावर त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी परवाचा उतार नशिबावर उतरलो."

मागे नवी तार ओवली. दोन्ही चाकांना नवे पॅड बसवले. दोन्ही डिस्क स्पिरिटने पुसल्या आणि नंतर त्यांना बोट लागू दिले नाही. मागचा ब्रेक डिस्कच्या बरोबर मधोमध यावा म्हणून त्याचे दोन्ही बोल्ट सैल केले, लिव्हर दाबून धरायला मास्तरांना सांगितले आणि तशा स्थितीत बोल्ट आवळले. नवे पॅड लगेच धरत नाहीत, त्यांना डिस्कशी जुळवावे लागते. त्यासाठी सगळे सामान परत चढवून मी सायकल पाण्याच्या टाकीपर्यंतच्या चढावर नेली आणि तिथून खाली येताना वीस वेळा वेग घेऊन वीस वेळा थांबवली. विसाव्या वेळी एवढ्या वजनासकट सायकल जागच्या जागी थांबली. तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. त्या वेळी ब्रेक निर्दोष होते, याची जबाबदारी मी घेते.

डिस्क नवीन पॅडला जेमतेम लागत असल्याने चाक फिरताना बारीक आवाज येत होता. वीसेक किलोमीटरांत तो आपोआप जातो. तसे मी मास्तरांना सांगितले. वडिलांना सांगितले नाही.

आता फडक्याविषयी. माझे वडील एकतीस वर्षे हे काम करतात. दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक सायकल, पंक्चर काढायला आलेली असली तरी, ते शेवटी तेलाच्या फडक्याने पुसून देतात. चौकट, आरे, चाकाचा मधला भाग, साखळी. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, दुकानातून निघालेली सायकल चमकली पाहिजे आणि कुरकुरता कामा नये, नाहीतर लोक म्हणतात, उस्तादाचा हात गेला. मात्र रिमला ते कधीही तेल लावत नाहीत. ब्रेक जिथे घासतो तिथे तेल म्हणजे माणूस मारायचा धंदा, हे मला त्यांनीच शिकवले. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि रिम चमकवायला गेले म्हणून त्यांनी माझ्या हातातले फडके काढून घेतले होते. त्यांच्या हिशेबी ब्रेकची जागा रिम. चाकाच्या मध्याजवळ जे काही गोल आणि लोखंडी असते, त्याला एकतीस वर्षे तेलच लागत आले आहे.

डिस्कला तेल चालत नाही हे त्यांना सांगितले होते का, असे मला विचारण्यात आले. प्रशिक्षणाहून आल्यावर मी पुठ्ठ्यावर बारा सूचना लिहून तो कामाच्या टेबलावरच्या भिंतीला लावला. चौथी सूचना अशी आहे : डिस्कला तेल, ग्रीस किंवा हात लावू नये. पुठ्ठा लावला तेव्हा वडील कमरेवर हात ठेवून समोर उभे राहिले आणि म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं आहे." त्यावर आणखी बोलणे झाले नाही. वडील सही करतात, आकडे वाचतात आणि बसच्या पाट्या ओळखतात. त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत नव्हते, असे नाही.

परवा पावणेबाराच्या सुमारास मी आतल्या टेबलाशी पावती लिहीत होते. मान वर केली तेव्हा वडील मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. एका हाताने चाक फिरवत होते, दुसऱ्या हातात फडके होते, आणि ते डिस्कला लागत होते. मास्तर शेजारी उभे होते. आवाज थांबला तसे मास्तर म्हणाले, "वा उस्ताद, तुमच्या पोरीनं तासभर खपून जो आवाज ठेवला, तो तुम्ही एका हातासरशी घालवलात." वडील हसले. म्हणाले, "पोरगी शिकलेली आहे हो. पण लोखंडाला वयच लागतं." हे मी स्वतः पाहिले व ऐकले. पुढच्या चाकाला फडके लागले की नाही हे मी पाहिलेले नाही.

त्या क्षणी मला वाटले की, इतकी वर्षे काम केलेल्या माणसाला कळत असेल. असेही वाटले की, गिऱ्हाईक गेल्यावर सांगू. आणि हेही खरे आहे की, गेले वर्षभर दुकानात येणारा प्रत्येक जण "मुलगी आहे का?" असे विचारतो, आणि मी आत असले तर वडील बाकावर सरकून बसतात. सोमवारी बऱ्याच दिवसांनी कोणी त्यांना उस्ताद म्हणत होते. यातले कोणतेही कारण पहिल्या प्रश्नाला पुरत नाही, म्हणून उत्तर म्हणून मी ते देत नाही.

मी पावती फाडून मास्तरांच्या हातात दिली. ते बारा वाजून पाच मिनिटांनी निघाले. त्यांना हाक मारायला दुकानाच्या दोन पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या.

दुपारी दीड वाजता दुकानाच्या फोनवर एका टेम्पोचालकाचा फोन आला. घाटातल्या तिसऱ्या वळणावर एक सायकलवाला कठड्याला धडकून पडला आहे, खिशात तुमची पावती मिळाली, असे त्यांनी सांगितले. फोन वडिलांनी घेतला. त्यांनी फक्त "जिवंत आहेत का?" एवढे विचारले आणि फोन माझ्याकडे दिला. टेम्पोचालकांनीच मास्तरांना रुग्णालयात नेले. खांद्याचे हाड मोडले आहे आणि तीन फासळ्यांना इजा आहे.

काल मंगळवारी पोलीस दुकानात आले आणि वडिलांना जबाबासाठी घेऊन गेले. सगळे काम आपणच केले, मुलगी गावाला गेली होती, असे वडिलांनी सांगितले. याचे कारण मला माहीत आहे. माझी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून निवड झाली आहे आणि नियुक्तीआधीची पोलीस पडताळणी बाकी आहे. आमच्या घरात आजवर कोणी पगार घेतलेला नाही. घरी आल्यावर वडील मला म्हणाले, "तुझा कागद कोरा राहू दे. माझा काय, आधीच तेलकट आहे." आई म्हणाली, "एकानं सांगितलंय ना? मग पुरे. दोघांनी कशाला बुडायचं?" जेवण कोणी नीट केले नाही.

काल संध्याकाळी पाच वाजता मी रुग्णालयात गेले. मास्तर शुद्धीवर होते. त्यांनी स्वतःहून सांगितले, "बाळ, ब्रेक दाबले. आवाज नाही, काही नाही. लोण्यात सुरी गेल्यासारखं. आणि मी सबंध चढभर खूश होतो, किंचाळणं गेलं म्हणून." मी त्यांना फडक्याचे सांगितले, मी पाहिले होते हे सांगितले आणि वडिलांनी जबाबात सगळे स्वतःवर घेतल्याचेही सांगितले. मी माफी मागायला लागले तेव्हा म्हणाले, "हे माझ्यापाशी सांगून मला हायसं वाटेल, तुला वाटेल, आणि फाईलमध्ये तुझा बाप अडाणी म्हणून राहील. जिथे लिहून घेतात तिथे सांग."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. आज सकाळी इथे मी वडिलांचा कालचा जबाब वाचायला मागितला. त्यात असे आहे की, सदर इसमास अशा प्रकारच्या ब्रेकचे कोणतेही ज्ञान नसताना त्याने दुरुस्ती केली. वडिलांना नव्या पॅडची जाडी विचारली गेली, ती त्यांना सांगता आली नाही. तार का बदलली हेही सांगता आले नाही. त्यांना ते येणार कुठून? ते काम त्यांनी केलेच नव्हते. माझे म्हणणे एवढेच आहे की, दुरुस्ती ज्ञान असलेल्या माणसाने केली आणि ती बरोबर होती. ती बिघडताना ज्ञान असलेले माणूस सहा फुटांवर बसून पावती लिहीत होते. वडिलांनी जे केले ते त्यांच्या माहितीप्रमाणे चांगले काम होते. नोंद करायची तर ती अशी करावी, ही विनंती.

डिस्क ब्रेक असलेल्या आणखी तीन सायकली गेल्या महिन्यात आमच्या दुकानातून गेल्या आहेत. तिघांनाही मी काल फोन करून सायकल चालवू नका असे सांगितले. दोघांनी सायकली आणून दिल्या, तिसरे आज आणणार आहेत. शाळेच्या कार्यालयालाही या चौकशीविषयी अर्ज लिहून तो आज सकाळी येतानाच दिला आहे. तिथल्या कारकुनांनी अर्ज वाचून विचारले, "हे तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं?" कोणी सांगितले नाही असे मी म्हणाले. त्यांनी शिक्का मारला.

इथवर लिहून झाल्यावर हवालदारसाहेब म्हणाले, "बघ, अजून सही नाही झालेली. कागद फाडला तर मी काही बघितलं नाही. वडील बाहेर बाकावर येऊन बसलेत, त्यांना एकदा विचारून ये." मी बाहेर गेले. विचारले काही नाही. त्यांच्या शेजारी बसून हा जबाब पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. पुठ्ठ्याविषयी लिहिलेला भाग आला तेव्हाही थांबले नाही. वडील जमिनीकडे पाहत ऐकत होते. एकदाच त्यांनी मला थांबवले. म्हणाले, "पुढच्या चाकाचं तुला माहीत नाही म्हणतेस. मला माहीत आहे. दोन्हींना लावलं. तसं लिही."

त्यांच्या सांगण्यावरून तशी नोंद येथे केली आहे : फडके दोन्ही डिस्कना लावले होते. संपूर्ण मजकूर मी लिहिला, वडिलांना वाचून दाखवला, त्यांना तो समजला, आणि दोघांच्या माहितीप्रमाणे तो बरोबर आहे. माझ्या सहीखाली त्यांनी त्यांची सही केली आहे. सह्या झाल्यानंतरच कागद आत देत आहे.