प्रार्थनेनंतर वाचलेली नावं

गुरुजी : हं, अपेक्षा, आता कल्पना कर. तू नववीतली पोरगी नाहीस. तू मी आहेस. निवृत्त होऊनही शाळेत येणारा मास्तर, कान अर्धे गेलेले, मुलांच्या मनाचं ऐकून कसं घ्यावं याचं शहरात सात रस्ता चौकात तीन दिवसांचं शिबिर करून आलेला. हातात माइक. काय करशील?

अपेक्षा : माइक खाली ठिवीन.

गुरुजी : इतकं सोपं होतं होय! आणि मी काय केलं?

अपेक्षा : प्रार्थना झाल्यावर नावं वाचली. 'मन मोकळं करायला पुढील विद्यार्थ्यांनी चार वाजता यावं.' दोनदा. माझं तर तुकडीसकट.

गुरुजी : अगं, चाळीस वर्षं सहलीची, नखं न कापलेल्यांची, सगळी नावं तशीच वाचली. तोंडाला वळणच पडलंय. शिबिरात 'गुप्तता' हा शब्द मी वहीत लाल शाईनं लिहिला होता. चौकटीत!

अपेक्षा : पेटीत नावाची चिठ्ठी टाका, कुणाला कळणार न्हाय, असं तुमीच म्हणाला हुता. आता वर्गात समदे मला 'चार वाजता' म्हणूनच हाक मारत्यात.

गुरुजी : आणि चार वाजता आलं कोण?

अपेक्षा : कुणीच न्हाय. तुमी एकटेच बसला हुता.

गुरुजी : एकटा कसला? बिस्किटाचा पुडा होता सोबतीला. संपवला.

अपेक्षा : माझं नाव खोडा, गुरुजी. मी बरी हाय.

गुरुजी : हे बघ, खोडलं. चूक माझी. सोमवारी माइकवरून सगळ्यांसमोर माफी मागतो.

अपेक्षा : नगं! परत माइक नगं!

गुरुजी : बरं, राहिलं. मग तूच शिकव. पोरांनी यावं कसं?

अपेक्षा : वाचनालयाच्या खोलीत बसा. पुस्तक बदलायला कोण बी जातंय. आनि 'मी तुझ्या वयाचा असताना' म्हणू नका.

गुरुजी : ते गेलं तर माझ्याजवळ राहतं काय?

अपेक्षा : कान. अर्धे हायत की.

गुरुजी : शाबास! दर गुरुवारी प्रियदर्शनी मॅडम येणार आहेत. त्या समुपदेशक, मनाचं ऐकण्यातल्या शिकलेल्या. मी नुसता पोरांना त्यांच्यापर्यंत पोचवणारा.

अपेक्षा : त्या आईला फोन करतील?

गुरुजी : तुला विचारल्याशिवाय नाही. जिवाला धोका वाटला तर मात्र घरी सांगावंच लागतं. तेही तुला आधी सांगून.

(अपेक्षा दारापर्यंत जाते. थांबते. परत येऊन स्टूल ओढून बसते.)

अपेक्षा : दिवाळीपासनं मला झोपच येत न्हाय, गुरुजी.