टूथपेस्टच्या खोक्याचा पेरिस्कोप

दवाखान्यातल्या बाकावर दोन आजोबा बसले होते. शेजारच्या शिंपीणबाईंनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण कान तिकडेच होते.

"साखर पुन्हा वाढली?"

"वाढणारच. नातीला पेरिस्कोप करून दिला ना!"

"त्याने साखर वाढते?"

"ऐका तरी. टूथपेस्टचा लांब खोका आणि आरशाचे दोन तुकडे, बस! आपण दाराआड लपायचं, पलीकडचं सगळं दिसतं. पोरीने पहिल्याच दिवशी मला बिस्किटांच्या डब्यात हात घालताना पकडलं."

"घ्या! स्वतःच्याच पायावर धोंडा."

"आईला सांगायलाच निघाली होती. मी अर्धं बिस्कीट पुढे केलं."

"मग?"

"मग काय, फितूर झाली. आता खोका घेऊन ती आईवर नजर ठेवते. आई इकडे वळली, की खोकते. पूर्वी घाईघाईत एखादं खायचो, आता कसं निवांत बसून खातो."

तेवढ्यात सूनबाई रिपोर्ट घेऊन आल्या.

"बाबा, इतकी साखर? दिवसभर नातीला घेऊन करता तरी काय?"

"प्रकाशाचं परावर्तन शिकवतो."

शिंपीणबाईंनी पेपर आणखी वर धरला.

"बरं, तुमचं झालं की तिलाही दाखवून घेऊ. मी स्वयंपाकघराकडे वळले रे वळले, की पोरगी खोकायला लागते."