काठावरचा बांबू

माहा जनम तेल्हाऱ्याच्या इकडचा. गावाचं नाव सांगून तुमाले काही समजनार नाई, तीन गल्ल्या अन् एक पार, बाकी सारी काळी जमीन. खारपाणपट्टा म्हनतात त्या भागाले, म्हंजे विहीर खंदली त पानी लागते पन ते खारं, तोंडात घेतलं का थुकावंच लागते, ना मानसाले चाले ना पिकाले. त्याच्यानं आमच्या वावरातली विहीर कोनाच्याच कामाची नव्हती, अन् म्हनूनच ती माह्या कामाची झाली. गोड्या पान्याची असती त बाबानं मले तिच्यात उतरू देलं असतं का? पेयाच्या पान्यात कोन पाय घालू देते बाप्पा! आता मी अकोल्यात लोकायले ट्रायथलॉन शिकवतो, म्हंजे आधी पोहनं, मंग सायकल, मंग पळनं, एकामागं एक, मधात बसाचं नाई. लोकं इचारतात सर, हे खूळ तुमाले कुठी लागलं, त मी म्हनतो खाऱ्या पान्यात.

बाबा पोहनं कसं शिकवे ते आयका. पाठीवर पत्र्याचा रिकामा डबा बांधे, त्याचं झाकन घट्ट, कमरेले दोर, हे त सगळीकडंच असते. पन बाबाच्या हातात एक लांब बांबू राहे. मी पान्यात भिंतीच्या कडंकडंनं हात मारत चाललो का बाबा वरून काठानं माह्यासंगं चाले, बांबू माह्या डोक्याजवळ धरून, अन् म्हने भास्कऱ्या भिंत सोडू नको, भिंत सोडू नको. विहीर गोल, अन् भिंत सदा माह्या उजव्या बाजूले. श्वास घ्यायले तोंड उजवीकडं काढलं का वरतं बाबा दिसे, धोतर, बांबू अन् मागं आभाळ. पुढं डबा सुटला, दोर सुटला, पन बाबा काही काठावरून हटला नाई. एक दिवस म्हनलो बाबा, मधातून जाऊ का, त असा खेकसला माह्यावर का मी पुन्हा नाव काढलं नाई. उलटी चक्कर बी कधी मारू देली नाई. ते काऊन, ते मले अजून समजलं नाई, अन् आता इचारावं कोनाले.

दुसरं त्यानं शिकवलं ते तिफन धरनं. पेरनीचा तास, म्हंजे बियाची ओळ, वाकडी गेली का बाबा म्हने, बैलाकडं काऊन पाह्यतं, पायाकडं काऊन पाह्यतं, तिकडं धुऱ्यावरच्या निंबाकडं पाह्य. तुमी बांध म्हनता, आमी धुरा म्हनतो. निंबावर डोळा ठेवला का तास आपोआप सरळ निंघे. पन ही गोठ राहू द्या, मंग सांगतो, ही मंग कामाले येते.

बारावी झालो अन् अमरावतीले गेलो, शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात. तिथी पयल्यांदा पोहन्याचा तलाव पाह्यला, निळी फरशी, पानी असं का तळाचं नानं दिसावं, अन् काय सांगू तुमाले, मी उतरल्याबरोबर पयले पानी चाखून पाह्यलं. गोडं! माह्या मनात आलं, गोड्या पान्यात हात तसेच चालतात का दुसरे? सोबतचे पोरं हासले, म्हने हा पोहायले आला का पेयाले. तळाले काळी पट्टी होती, तिच्यावर नजर ठेवून मी सरळ जाऊन सरळ येवो, कोनाले काही समजलं नाई, मलेबी नाई. अन् रविवारी दोस्ताची सायकल घेवो अन् मोझरीले जावो, गुरुकुंज आश्रमात पानी पेऊन, जराक झाडाखाली बसून परत. पाय दुखत, पन डोक्यात एकच, मानूस आनखी किती दूर जाऊ शकते? हे कोनी मोजलं कसं, कुठी थांबते मानूस, पायात का डोक्यात? हाच किडा जनमभर वळवळून राहिला.

मंग अकोल्यात शाळेवर लागलो, पी.टी.चा मास्तर. जठारपेठेत खोली केली, लगन झालं. शोभा, माही घरची, लय तोंडाळ बाई, पन मनाची चांगली, हे तिच्यासमोर मी बोलत नाई. ट्रायथलॉन मी लय उशिरा पाह्यली, चाळिशी सरली होती. कोनीतरी सांगितलं का असं असं असते, तिन्ही एका दमात, मले वाटलं हे त कोन्यातरी मानसानं माह्यासाठीच काढलं.

पयली शर्यत लहान होती, एका धरणावर. शिट्टी वाजली, उतरलो, हात मारून राहिलो, मारून राहिलो, वाटलं आपन पुढं आहो, कारन आजूबाजूले कोनीच नाई. डोकं वर काढलं त होडीवाला माह्यासमोर. ओ काका, शर्यत तिकडं आहे, तुमी कुठी चालले? पाह्यतो त मी डावीकडं वळत वळत, सगळे एकीकडं अन् मी एकीकडं, जिथून निंघालो तिथीच परत येऊन राहिलो होतो. तळाले पट्टी नाई ना हो धरणात! लहान शर्यत म्हनून निभलं. पन मोठ्या शर्यतीत पान्यातून अमक्या येळात बाहेर यावं लागते, नाई आलं त थांबवतात, सायकलीले हात लावू देत नाईत. एक डाव तसं झालं, दुसऱ्या डावाले पुन्हा तसंच. पळन्याले मी भेत नाई, सायकलीले भेत नाई, उन्हाले त अकोल्याचा मानूस कायले भीन, पन तिथपर्यंत पोचलो तर ना. माही सायकल आपली उभी, चाकात हवा भरलेली, गुळाचे खडे पिशवीत, अन् मी ओल्या आंगानं तिले तशीच्या तशी गाडीत टाकून घरी आनो. शोभा दारातूनच म्हने, अवो, सायकलीले पाहुनचाराले नेता का तुमी? मी बी हासो. पन दुसऱ्या डावाले आंघोळीले गेलो अन् नळ सोडून मोठ्यानं रडलो, आता तुमाले सांगून राहिलो.

पन रडून काय, मले कारन पाह्यजे होतं. मानूस वाकडा काऊन जाते? सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर डोळ्याले दुपट्टा बांधून चाललो, निंघालो फाटकाकडं अन् पोचलो नळावर. हेडमास्तर पाहून राहिले होते, म्हने भास्करराव, घरी सगळं ठीक आहे ना? शोभाले चालवलं, ती उजवीकडं वळली. म्हंजे सगळेच वाकडे जातात, पन ज्याचं त्याचं वाकडेपन येगळं. अन् माह्यापाशी शिकनाऱ्या एक वंदनाताई आहेत, सरकारी दवाखान्यात नर्स, पोहन्यात माह्याहून तेज. महान गावच्या धरणावर आमी पोहलो, त्यायनं आपलं घड्याळ माह्या मनगटाले बांधलं होतं, अन् बाहेर आल्यावर त्यात माह्या रस्त्याचा नकाशा दाखवला. म्हने सर, हे पाहा, विळा काढला तुमी. खरंच, विळ्यासारखा. मंग त्यायले म्हनलो ताई, तुमी माह्या उजव्या बाजूनं चाला बरं. त्या चालल्या अन् मी सरळ गेलो. त्या बाजूले झाल्या का पुन्हा विळा. असं काऊन, दोघंबी इचार करत परत आलो.

बाबा गेला त्या साली. तेरवीले सगळे बसले होते, मी आपला सांगून राहिलो का पोहनं मले बाबानं शिकवलं, बाबा काय पट्टीचा पोहनारा असन. त माही आत्या, बाबाची धाकटी बहीन, दात नाईत तिले, ती पदर तोंडाले लावून हासू लागली, तेरवीच्या घरात! म्हने अरे भास्कऱ्या, तुह्या बापाले कुठी पोहता ये? नाल्याले पूर आला त काठावर हुबा राहून लोकायच्या नावानं बोंबले, घोट्याच्या वर पान्यात कधी गेला नाई तो. मी म्हनलो मंग मले? ती म्हने, तुले शिकवाचं होतं ना त्याले. आपल्याले येत नाई त पोराले आलं पाह्यजे म्हने. तू पान्यात अन् त्याचा जीव बांबूच्या टोकाले.

मी उठलो अन् मांगच्या आंगनात जाऊन बसलो. म्हंजे भिंत सोडू नको हे काऊन, ते आता समजलं मले. मधापर्यंत बांबू पुरत नव्हता. अन् मी श्वास घेतला का उजवीकडं काऊन पाह्यतो, तेबी समजलं. बाबा आहे का, ते पाह्यतो. पन्नाशी उलटलेला मानूस धरणाच्या पान्यात बापाले पाहून राहिला होता अन् बाप वळन तसा वळत होता. मले लय माया आली त्याची. पोहता न येनाऱ्या मानसानं शिकवलं अन् मी त्याच्यावर पोट भरलं, असा मास्तर मी त नाई पाह्यला कुठी.

गुडघे तवापर्यंत बोलू लागले होते. डॉक्टर म्हने आता एखांदी मोठी शर्यत करून घ्या, मंग पळनं बंद. म्हंजे हा शेवटचा डाव. वंदनाताईबी त्याच शर्यतीत होत्या, अन् शोभा पयल्यांदा आली, म्हने पाहू तरी तुमच्या सायकलीचा पाहुनचार. पान्यात वंदनाताई माह्या उजवीकडं, ठरल्यापरमानं. पान्यावर तरंगनाऱ्या पयल्या पिवळ्या फुग्यापर्यंत आमी सोबत, फुग्याले वळसा घालून परत फिराचं असते. पन मले दिसे का बाई माह्यासाठी हात आवरून राहिली, तिचीबी पयलीच मोठी शर्यत. मी डोकं काढून वरडलो, जा ताई! त्या म्हनल्या नाई सर. मी म्हनलो मी मास्तर आहो ना, आयक माहं, जा. गेल्या.

अन् उजवीकडं कोनीच नाई. तोंड काढलं का निस्तं आभाळ. आंग हळूहळू डावीकडं वळून राहिलं हे मले समजे, पन थांबवता येत नव्हतं. वाटलं गेला हाबी डाव. मंग कसं काय कोन जाने, तिफनीचा दांडा आठवला माह्या हाताले. बैलाकडं काऊन पाह्यतं, पायाकडं काऊन पाह्यतं. समोरच्या काठावर एक बाभूळ होती, येकलीच. काही हात मारावं, डोकं उचलून बाभूळ पाह्यावं, पुन्हा हात मारावं. उघड्या पान्यात पोहाले असंच पाह्यनं शिकवतात, मीबी लोकायले शिकवलं होतं, पन मीच करताना माही मान उजवीकडं पळे. त्या दिवशी नाई पळाली. चूक बाबानंच देली होती अन् तिचा उपावबी त्यानंच वावरात देऊन ठेवला होता, मले दोन्हीची गाठ घालाले एवढे वर्षं लागले.

बाहेर आलो तई येळ सरतच आली होती, पोट्टे वाट बंद कराचा दोर ओढाच्या तयारीतच होते. मी आत! पन काय झालं, मी तिथीच हुबा, मांगं वळून पान्याकडं पाहून राहिलो, जसा काही कोनाले सांगाचं होतं. दोराच्या पल्याडून शोभा वरडली, अवो पाहून काय राहिले, सायकल घ्या ना! तवा भानावर आलो. टांग मारली. पुढचं काय सांगाचं, सायकल झाली, उन्हात पळनं झालं, पळनं कायचं, शेवटी चालनंच, पन झालं पूर्न. वंदनाताई कवाच्या पोचून चहा पेऊन बसल्या होत्या, मले पाहून त्यायले रडू आलं अन् मले हासू.

आता पळत नाई मी. शिकवतो, जमन तसं. विहीर आहे अजून, पानी तसंच खारं. या उन्हाळ्यात शोभा म्हने मले शिकवा पोहनं, साठीच्या जवळ आलेली बाई, गुडघ्याच्या वर पान्यात गेली नाई कधी. मी म्हनलो चाल. मी तिच्यासंगं पान्यात उतरलो असतो, मले त पोहता येते, पन ती म्हने मले तुमी वरतंच दिसले पाह्यजे. डबा बांधला, मंग काही दिवसानं सोडला. मी बांबू घेऊन काठानं चालतो अन् ती खाली भिंतीच्या कडंनं, अन् मी तिले दोन्हीकडून चक्कर मारायले लावतो, एक इकडून, एक तिकडून.

परवा तिनं तोंड वर काढलं अन् म्हने, अवो, मधातून जाऊ का? मले एकदम खेकसावं वाटलं, खरं सांगतो, शब्द तोंडापर्यंत आला होता. तो गिळला. म्हनलो जा, समोरच्या पायरीकडं पाह्य अन् जा. ती गेली, हात आपटत, पानी उडवत, मधातून थेट पायरीले लागली अन् तिथून माह्याकडं पाहून हासली. बांबू मातर मी खाली ठेवला नाई.