पूर्वेची खिडकी

तपासणीसाठी डोळ्यांत औषध घातलं होतं, म्हणून शिंपीकाका दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. पण कान कसे मिटणार? शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, तुझ्या सासूबाईंना हल्ली झोप लागते म्हणे?”

“लागत होती. डॉक्टर म्हणाले, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराला दिवस कुठला नि रात्र कुठली ते कळतं. आणि आमच्याकडे सकाळचं ऊन येतं कुणाच्या खोलीत? धाकट्या जावेच्या!”

“मग तिथं बसवायचं त्यांना.”

“बसवलं की. आठवड्याभरात म्हातारी डाराडूर! आणि वर म्हणते काय, ‘धाकटीच्या हाताला गुण आहे.’ गुण उन्हाचा, नाव हिचं! इतकी वर्षं रात्र रात्र उशाशी बसले मी, ते सगळं गेलं पाण्यात.”

“जाऊ दे गं. झोपल्या ना त्या?”

“झोपल्या. मला हाक मारायचंसुद्धा विसरल्या.”

“मग ‘लागत होती’ का म्हणालीस?”

“अगं, हल्ली मी उजाडायच्या आत चादरी धुऊन वाळत घालते. दोरी नेमकी धाकटीच्या खिडकीसमोर आहे.”

शिंपीकाकांनी डोळे उघडले. उजेड सुईसारखा टोचला, तसे त्यांनी ते पुन्हा घट्ट मिटले.

“ताई!”

“काल रात्रभर हाका मारत होत्या. मलाच हं.”

“घरी गेलीस की आधी त्या चादरी काढ.”

“काढते की. वाळू तर देत.”