म्या हात बी लावला न्हवता

न्हाय न्हाय, तुमी चुकीचं ऐकलं. कंप्युटर बंद पडतोय ही तक्रारच न्हाय माझी. बंद काय, कायबी पडतंय. बोअरची मोटार पडती, यष्टी पडती, आमच्या शेजाऱ्याचं तोंड सोडून सगळं कधी ना कधी बंद पडतंय. पण तुमाला सांगतो, बंद पडलेला कंप्युटर आपला आपण चालू झाला, तर माणसानं करावं काय? दुकानात चिटपाखरू न्हाय, म्या खुर्चीत बसून चहा प्यायलोय, आन् समोर हे बेनं फुर्रर्र करून उठतंय, पंखा गरगरतोय, हिरवा दिवा लागतोय, पडद्यावर 'स्वागत' म्हणून अक्षरं येत्यात... स्वागत? कुणाचं? म्या सकाळपासून हितंच हाय की! आन् पडदा नीट उजळतोय न उजळतोय तवर ठप्प. अंधार. आन् म्या हात बी लावला न्हवता.

म्या कोण, तर म्या वीरभद्र बिराजदार. लोहाऱ्याला तहसीलच्या समोरच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान हाय. बावीस वर्सं झाली, लग्नपत्रिका करायलोय. सकाळी दुकान उघडायचं, बोटं पाण्यात बुडवून कपाळाला इभूत लावायची, कंप्युटरला लावायची, उदबत्ती ओवाळायची आन् बसायचं, ते पार दिवस मावळंपर्यंत. तालुक्यात लग्न कुणाचं बी जमू द्या, पत्रिका वीरभद्रअप्पाकडंच. आन् यंदा लग्न कुणाचं? माझ्याच हर्षालीचं! आता सांगा, मशीनीला बिघडायला बावीस वर्सांत दुसरं लग्न घावलं न्हाय का?

मोबाईलवर पाठवा म्हणालं कुणीतरी. भावकीला? मोबाईलवर? आमची भावकी छापील कागद हातात घेतल्याशिवाय, त्येच्यावर आपलं नाव बोटानं चाचपल्याशिवाय लग्नाला निघत न्हाय. सदुसष्ट नावं, साहेब. प्रेषक येगळे, निमंत्रक येगळे, स्वागतोत्सुक येगळे, व्यवस्थापक येगळे. व्यवस्थापक म्हंजी जे कायबी व्यवस्था करत न्हाईत ते. खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं' म्हणणारी नऊ लेकरं, त्यातलं एक तर अजून पोटातच व्हतं. जन्माच्या आधी नाव ठिवू ने म्हणून त्येचं नुसतं 'बाळ' टाकायचं ठरलं. कोण कुणाच्या वर आन् कोण कुणाच्या खाली, ह्येच्यावर बारा दिवस बैठका झाल्या. गजराबाईआत्या म्हणाल्या, "माझं नाव धाकटीच्या खाली घालणार असशील तर म्या आपली गावाकडंच बरी." मग दोघींची नावं शेजारी घेतली, तर आता डावीकडं कोण म्हणून परत बैठक. शेवटी हर्षालीनं सगळी यादी स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवली, खाली रामलिंगकाकाची सही घेतली. रामलिंगकाका म्हंजी आमच्यातले थोरले. त्येंच्या पोरीच्या पत्रिकेत माझ्या बापाचं नाव राहिलं व्हतं, तर तीन वर्सं आमच्या घराचं न् त्येंच्या घराचं बोलणं बंद. चूक कुणाची? पत्रिका कुणी केली व्हती? जाऊ द्या.

पोरगी एवढंच म्हणाली, "अप्पा, मला दागिना कमी करा, पण माझ्या लग्नात कुणी रुसून पाठ फिरवू ने." तिचे डोळे भरून आल्ते. म्या म्हणलं, लेकी, एक नाव जरी सुटलं तर बिराजदार नाव लावणार न्हाय. बोललो. बोलून बसलो.

मंगळवारी पहिली पत्रिका तुळजापूरला आईच्या पायावर ठिवायची, म्हंजी सोमवारी छापून पायजे. हाताशी आठ दिवस. म्या बसलो. माझा एक कोरा नमुना हाय कंप्युटरमदी, नावाच्या जागी नुसती टिंबं, टिंबं पुसायची आन् नाव भरायचं. पहिल्यांदा माझं सवताचं नाव टाकलं, पोरीचा बाप हाय, ते तर न बघता बोटातून येतं. मग एकेक करत एकेचाळिसाव्या नावाला आलो, आन् ठप्प. चार मिण्टानं आपला आपण चालू. उघडून बघतो तर कोरा नमुना, टिंबं ही टिंबं. एकेचाळीस माणसं गेली, आन् म्या हात बी लावला न्हवता.

आता तुमी म्हणाल, सेव्ह कामून करत न्हवता? अवो, सेव्ह करायला गेलं की ते इचारतंय, नाव काय ठिवू? आता काम पुरं व्हायच्या आधी नाव ठिवायचं असतंय व्हय? पोट दिसायलंय म्हणून बारसं करता का कुणी? बावीस वर्सांत म्या पत्रिका पुरी झाल्याशिवाय फाईलीचं नाव ठिवलं न्हाय, आन् एक लग्न मोडलं न्हाय तालुक्यात. ही पोटच्या पोरीची, हिला कसं ठिवू? म्हणून परत पहिल्यापासून. माझं नाव, काकांचं नाव, काकूचं नाव... छप्पन्नाला ठप्प. परत. तिसाला ठप्प. एकदा तर सदुसष्टावं, ते पोटातलं 'बाळ', 'बा' लिहिला आन् 'ळ' लिहिणार तर गेला. म्या टेबलावर डोकं टेकवून बसलो. तेवढ्यात परत फुर्रर्र... स्वागत!

मग फोन लावला कृष्णराजला. कृष्णराज म्हंजी सोलापूरचा, कंप्युटर दुरुस्त करतंय, लई गोड बोलतंय. म्हणतो, "सर, एक काम करा. एकदा बंद करून चालू करा." अरे बाबा! तेच तर करायलंय ते! सकाळपासून आठ बारी त्येनंच सवता बंद करून चालू केलंय, म्या आजून काय करू? तर म्हणतो, "मग घेऊन या सर."

मशीन मांडीवर घेऊन यष्टीनं सोलापूर गाठलं. त्येनं पाठ उघडली, आतली एक पट्टी काढली, शाळेतल्या खोडरबरानं घासली, फुंकली, परत बसवली. आतला लाईटीचा डबा बदलला, वायरी दाबल्या. मग त्येनं काय केलं, पुढचं बटणच दाबलं न्हाय, आत दोन तारांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं न लावलं, मशीन चालू. दोन दिवस त्येच्या दुकानात चालला, गप, शाण्यासारखा! म्या लॉजवरून येऊन येऊन बगायचो. "सर, मशीन एकदम ओके. तुमच्याकडच्या लाईटीचा प्रॉब्लेम." परत मांडीवर घेऊन लोहाऱ्याला आलो, कपाळाला इभूत, त्येला इभूत, उदबत्ती, बसलो... ठप्प. लाईटवाला आला, म्हणाला, लाईट तर चोख हाय, तुमची मशीनच खराब. ह्यो म्हणतो लाईट, त्यो म्हणतो मशीन, मधी माझी पोरगी हळदीला आल्यावानी.

घरी शिवकांतानं, म्हंजी आमच्या मंडळीनं, एका वाक्यात निकाल लावला. "नजर लागली. लेकीच्या लग्नावर कुणाची तरी नजर हाय." मठातून इभूतीचा गोळा आणला. म्हणाली, रोज लावता तशी पुसट न्हाय, चांगली दाट लावा, वरून हळद-कुंकू लावा. लावलं. जरा जास्त बिगडला. मग आजून दाट लावली. आजून बिगडला. जसजसा बिगडला तसतशी आमची इभूत वाढत गेली, माणूस हतबल झालं की दुसरं करतंय काय? शनिवार उजाडला. चौदा येळा पत्रिका टाईप केली, चौदा येळा गेली, आन् म्या हात बी लावला न्हवता.

शेजारी पाशामियाँचं दुकान हाय, जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देत्यात. सत्तरी ओलांडलेला माणूस, कंप्युटरचा क माहीत न्हाय. त्या दिवशी माझ्याकडं चहाला येऊन बसले. म्या आपली सकाळची इभूत लावली, बोटं भिजवून कपाळाला तीन पट्टे ओढले, मग मशीनीच्या कपाळाला तीन पट्टे ओढले, आन् मशीन फुर्रर्र. म्या म्हणलं, बघितलं का मियाँ, हात बी लावला न्हाय! पाशामियाँनी कप खाली ठिवला. "अप्पा, हात नै लगाया बोलते तुमे. फिर ये तीन उंगल्याँ किसकी थीं?"

म्या म्हणलं, मियाँ, ते हात लावणं न्हाय, ती पूजा हाय.

"हौ. पूजा करते, पन किधर करते? बटन पे करते ना!"

तुमाला सांगतो, मशीनीच्या कपाळावर बरोब्बर मधी जे गोल हाय, ज्येच्यावर म्या रोज इमानं-इतबारानं इभूत फासतोय, ते चालू-बंद करायचं बटण! पाशामियाँनी टाचणीनं खरवडायला सुरुवात केली. वरचा पांढरा थर मठाचा, खाली हळद, खाली कुंकू, खाली गेल्या दसऱ्याचं गंध... बटण आत चिकटून बसलं व्हतं. ओलं असलं की दबलेलं, वाळलं की सुटलेलं, आन् दर बारी मशीन बंद न्हायतर चालू. एका वाटीत सगळं गोळा केलं, अर्धी वाटी भरली. सोलापूरला कुणी बटण दाबलं न्हाय, इभूत बी लावली न्हाय, म्हणून तिथं शाणा. शिवकांता म्हणाली, "म्हंजी नजर आपलीच व्हती म्हणा."

बटण मोकळं झालं आन् मशीन सरळ झाली. पाशामियाँ म्हणाले, "अप्पा, अब पयले नाम रखो, फिर लिखो." शेवटी मन घट्ट करून फाईलीचं नाव ठिवलं. काय ठिवलं? 'बाळ'. आन् आता चूकच नगं म्हणून म्या डोक्यातनं कायबी टाईप केलं न्हाय. हर्षाली यादीतनं एकेक नाव वाचायची, म्या तेवढंच लिहायचो, ती कागदावर खूण करायची, म्या सेव्ह करायचो. सदुसष्ट नावं, सदुसष्ट खुणा. एक बी सुटलं न्हाय. सोमवारी छापून आली. मंगळवारी आईच्या पायावर. सात हजार बोटांनी ती पत्रिका चाचपली असंल, पण एक माणूस रुसलं न्हाय! गजराबाईआत्या सगळ्यांच्या आधी आल्या. रामलिंगकाका मांडवात पंगतीला उभे राहून वाढत व्हते. म्या कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

लग्नाला आठ दिवस झाले, तवा हर्षालीचा सासरवरून फोन. "अप्पा, पत्रिका वाचायला घेतल्ती आठवण म्हणून. अप्पा... तुमचंच नाव न्हाय."

शिवकांतानं उरलेली पत्रिका आणली. मधोमध, सोनेरी अक्षरात... चि. सौ. कां. हर्षाली, श्री. टिंब टिंब टिंब टिंब यांची ज्येष्ठ कन्या. यादीत माझं नाव व्हतंच कुठं? माझ्या नावावरनं कधी बैठकच झाली न्हवती ना.

रामलिंगकाकाला फोन केला. म्हणलं, काका, तुमी पत्रिका वाचल्ती का? म्हणाले, "वाचली की. बरोबर हाय. माझं नाव वर हाय." आत्याला केला. त्या म्हणाल्या, "डावीकडं हाय ना माझं, मग झालं." सदुसष्टातल्या एकानं बी आपल्या नावापलीकडं बघितलं न्हवतं. शिवकांता म्हणाली, "अवो, पण तुमचं नाव काढलं कुणी?"

काढतंय कोण... माझ्या नावाला तर म्या हात बी लावला न्हवता.