चौथी प्रत

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या उरिपाम्पा नगरीच्या महापौर सन्माननीय सेनाइदाबाई. कायद्याचे पंडित आणि आपले खासदार, लिमाहून सगळा घाट चढून मुद्दाम आलेले सन्माननीय डॉक्टर साल्सेदो. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते तायता एउसेबियो ओस्को आणि त्यांना उद्या लिमाला घेऊन जाणारी त्यांची लेक. शिक्षक मंडळी, बाजारातल्या बायका, दमून बसलेले बँडवाले. आणि अगदी मागे, दाराजवळ, पोंचोसुद्धा न काढता बसलेली चाकामार्का गावची मंडळी. तुम्हा सर्वांना सातुर्निना वाराकाचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. बँडवाल्यांना वीस मिनिटं होती, त्यातली मी थोडी घेणार आहे.

एकवीस वर्षं मी तायतांच्या चित्रपटांचं आवाजाचं काम केलं. सगळे त्यांना तायता म्हणतात, बापाला म्हणावं तसं. मीही म्हणते, फक्त मी त्यांच्याशी भांडतेही. आवाजाचं काम म्हणजे काय? आपल्या डोंगरात ते वाऱ्याशी भांडण आहे. नट रडायला लागला की वारा सुटतो, आणि तायता म्हणतात, "सातू, वाऱ्याला सांग, थोडं थांब." आता त्यांना कोण सांगणार की वारा काही नगरपालिकेचा नोकर नाही? माफ करा, सेनाइदाबाई. नगरपालिकेचे नोकरही थांबा म्हटलं की थांबतातच असं नाही.

अकरा चित्रपट केले या माणसाने, सगळे आपल्या क्वेचुआ भाषेत. राजधानीतल्या एकाही थेटराने ते लावले नाहीत. मग यांनी काय करावं? पडदा गुंडाळून बसच्या टपावर टाकला आणि गावोगाव निघाले. मोटारीवर भोंगा लावून ओरडायचं, सभागृहात चादरी शिवून टांगायच्या, दाराशी बसून स्वतः तिकिटं फाडायची. चित्रपट कधी कुणाच्या हाती सोपवला नाही. बाजारात नकली तबकड्यांचा सुळसुळाट होता, त्या काळात हे गृहस्थ त्या टपरीवर जाऊन स्वतःचाच चित्रपट विकत घ्यायचे, घरी बघायचे आणि दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याला झापायचे, "रंग केवढे फिके आलेत, लाज नाही वाटत?" टपरीवाला पुढच्या वेळी चांगली नक्कल करायचा. हसा, हसा. तेव्हा आम्हीही हसत होतो, कारण टपरीवाल्याला तोंड होतं आणि त्या तोंडावर बोलता येत होतं.

इंटरनेटला तोंड नाही, असं लोक म्हणतात. मीही वर्षभर तसंच म्हणत होते.

आता आमच्या शेवटच्या चित्रपटाविषयी. 'पाण्याची पाळी'. दोन गावं, एक पाट, आणि रात्रंदिवस पाटाची राखण करणारी एक बाई. चाकामार्काने तो सावडीनं केला. गावातल्या एकानेही पैसे घेतले नाहीत. नांगरणी सोडून माणसं आली, अंगावरचे कपडे घालून उभी राहिली, जेवणसुद्धा त्यांनीच रांधलं. सावडीचा नियम तुम्हाला मी सांगायला नको, आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. त्यांचं देणं म्हणून चित्रपटाची एक प्रत गावाला दिली. ती गावाच्या समाजघराच्या कपाटात राहायची आणि कपाटाची किल्ली एर्मेलिंदा पारियोनाच्या गळ्यात. पाटाची राखण करणारी बाई तीच झाली होती. अकरा चित्रपटांत तसं काम मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. ऐकलेलं म्हणते, कारण मी डोळे मिटून काम करते.

बावीस गावांचा दौरा ठरला होता. पहिली तीन गावं तुडुंब भरली. चौथ्या गावात भोंगा ओरडून थकला आणि सभागृहात आले अकरा जण. दाराशी एक म्हातारी आली, तायतांच्या हातात उकडलेले बटाटे ठेवले आणि म्हणाली, "तायता, पाहिला हो आम्ही. सुनेच्या फोनवर पाहिला, बटाटे सोलता सोलता. फार छान केलात. शेवटी मी रडले." आता या बाईवर रागवायचं कसं? तायतांनी तिथेच पायरीवर बसून बटाटे खाल्ले, तिला आशीर्वाद दिला आणि मला म्हणाले, "सातू, पडदा काढ." पुढची अठरा गावं आम्ही पाहिलीच नाहीत.

महापौरबाई, ती चिठ्ठी मला दिसली. 'आवरतं घ्या' असंच लिहिलं असणार. घेते.

मग प्रश्न आला, बाहेर गेला कुठून? प्रती होत्या चार. एक तायतांच्या कमरेला, एक माझ्याकडे, एक चाकामार्काच्या कपाटात. चौथी पाद्रिनोंची. आपल्याकडे वाढदिवसाच्या केकलासुद्धा पाद्रिनो लागतो, फुटबॉलच्या जर्सीला लागतो, मग चित्रपटाला धर्मबाप नको? या चित्रपटाचे पाद्रिनो झाले आपले डॉक्टर साल्सेदो. त्यांनी मुहूर्ताला कॅमेऱ्यावर चिचा, आपली मक्याची दारू, शिंपडली, सुंदर भाषण केलं. चित्रपट पुरा झाल्यावर रिवाजाप्रमाणे नव्या कोऱ्या शालीत गुंडाळून प्रतीची डबी त्यांच्या हातात दिली गेली. पण तायतांच्या मते ती डबी रिकामी होती. कारण आदल्या दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "पाद्रिनोला डबी दे. चित्रपट देऊ नकोस."

म्हणजे उरलं कोण? चाकामार्का.

तायता तिथे गेले. मी बरोबर होते. भर गावसभेत त्यांनी एर्मेलिंदाला विचारलं, "किल्ली कुणाला दिलीस?" ती म्हणाली, "कुणाला नाही." ते म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस, बाई." ती एवढंच म्हणाली, "तायता, तुमच्या घरचं मी कधी खाल्लं? तुम्हीच माझ्याकडे जेवलात." खरं होतं ते. पण गावाने तिच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली. त्या वर्षी तिच्या बटाट्याच्या लावणीला सावडीला कुणी आलं नाही. आपल्या डोंगरात याचा अर्थ काय होतो हे या सभागृहात कुणाला ठाऊक नाही? ती आणि तिची म्हातारी सासू, दोघींनी मिळून जमेल तेवढं रान लावलं. बाकीचं पडीक राहिलं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगते. प्रत तयार करताना मी प्रत्येकीत एका कुत्र्याचं भुंकणं घालते, प्रत्येक प्रतीत वेगळ्या जागी. तायतांनाही हे माहीत नव्हतं. ते म्हणाले असते, माझ्या चित्रपटात फुकटचं कुत्रं नको. त्यांच्या प्रतीत कुत्रं लग्नाच्या पंगतीत भुंकतं. माझ्या प्रतीत म्हातारा मरतो तेव्हा. चाकामार्काच्या प्रतीत अगदी सुरुवातीला. आणि चौथ्या प्रतीत पाट फुटतो तेव्हा, तीनदा.

बेकरीतल्या मुलीच्या फोनवर मी पहिल्यांदा ऐकलं. हातात पाव होता. पाट फुटला आणि कुत्रं तीनदा भुंकलं.

होय तायता, असे बघू नका माझ्याकडे. डबी रिकामी नव्हती. मी भरलेली दिली. धर्मबापाला शुभकार्याला बोलवायचं आणि रिकामी डबी हातात ठेवायची, हे माझ्या जिवाला पटेना. माझ्या आईने जन्मभर शिकवलं की पाद्रिनोला रिकाम्या हाताने पाठवू नये. तुमचा शब्द मोडून मी माझी रीत पाळली. आणि फोनवरच्या त्या चित्रपटाखाली कुणाचा फोटो होता? आपल्या पाद्रिनोंचाच. 'मातृदिनानिमित्त माझ्या डोंगरातल्या माउलींना सप्रेम भेट.' तोपर्यंत चार लाख माउलींनी पाहिला होता. तिथूनच तो बाकी सगळीकडे पसरला, त्यांचा फोटो गळून पडला, कुत्रं तेवढं राहिलं.

बसा, डॉक्टर. तुमचं भाषण मी पूर्ण ऐकलं आहे. आत्ताच तुम्ही म्हणालात, पायरसी ही चोरीच, आणि चोराला पक्ष नसतो. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मी लिमाला गेले होते तुमच्या कचेरीत, आठवतं? तुम्ही मला धर्मनात्याने कोमाद्रे म्हणालात, कॉफी दिलीत. म्हणालात, "अहो कोमाद्रे, कचेरीतल्या पोरांनी टाकलं असेल. आणि बिघडलं काय? फुकटात जाहिरात झाली." मी म्हटलं, काढा. तुम्ही म्हणालात, "काढतो. पण गवगवा करू नका. पायरसीविरुद्धचं विधेयक मीच मांडतोय. त्यात कलम आहे, निर्मात्याने साधा अर्ज केला की चोवीस तासांत चोरीचा चित्रपट उतरवायचा. वकील नको, लिमाची वारी नको. आता माझ्या नावाने बोंब झाली तर विरोधक ते कलमच खातील."

आणि मी गप्प बसले. का? मला वाटलं, एक चित्रपट गेला तर गेला, कायदा आला तर पुढचे शंभर वाचतील. शहाणपणा केला मी. एर्मेलिंदाची किल्ली काढून घेतली, त्या दिवशी मी त्या सभेत तिच्यापासून दहा हातांवर उभी होते. मला सगळं माहीत होतं आणि मी पायातल्या चपलांकडे बघत होते. नंतर ती बाजारात दिसली तर मी गल्ली बदलायचे. तेरा महिने मी गल्ल्या बदलल्या. मला माझीच शिसारी येते.

गेल्या मंगळवारी विधेयकाचा अंतिम मसुदा आला. माझ्या भाच्याने छापून आणला. मी दोनदा वाचला, मग त्याला वाचायला लावला. चोवीस तासांचं कलम नाही. त्या जागी आहे, 'या विषयाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्यात येईल.' परवा गुरुवारी मतदान आहे. डॉक्टर, कलम विरोधकांनी खाल्लं का? मसुद्याखाली सही तर तुमची आहे.

काय म्हणालात? माईकवर बोला, मागे ऐकू येत नाही. 'मोठ्या कंपन्यांचं दडपण होतं.' असेल. माझा विश्वास आहे, असेलच. पण इंटरनेटवरच्या तुमच्या स्वतःच्या पानावर कुणाचं दडपण आहे? मंडळी, तुमच्यातल्या कुणाकडे फोन असेल तर जरा बघा बरं, 'पाण्याची पाळी' त्यांच्या पानावर अजून आहे का.

आहे. ऐकलंत? बाजारातल्या बायका सांगताहेत, आहे.

नाही, सहायक नको. सहायक लिमात आहे आणि तुम्ही इथे. रेंज नाही म्हणता? इथे दोनशे लोकांना आहे. डॉक्टर, मी तुमचा अपमान करायला उभी नाही. तुम्ही आमचे पाद्रिनो आहात, ते नातं मी मोडत नाही, आपल्यात ते मोडता येत नाही. म्हणूनच हक्काने मागते. खिशातून फोन काढा. आम्ही थांबतो. बँडवाल्यांनो, तुम्ही वाजवू नका.

वेळ लागू द्या.

झालं? बघा गं कुणीतरी. गेलं? बरं. आभारी आहे, डॉक्टर. मनापासून. तेरा महिने लागले आणि काम एका बोटाचं होतं. आता गुरुवारचं. 'बघू' म्हणू नका. संसदेत उभं राहून ते कलम परत मागा आणि त्याच्या बाजूने हात वर करा. मागितलंत तर आम्ही इथे तुमच्या नावाने मिरवणूक काढू, याच बँडसकट. नाही मागितलंत तर तेही याच गावाला कळेल. मी उद्या तायतांच्याच बसने लिमाला निघते आहे आणि गुरुवारी प्रेक्षकांच्या सज्जात बसणार आहे. कान माझे चांगले आहेत.

तायता, तुम्हाला निरोप द्यायला उभी राहिले आणि तुमचं कौतुक राहूनच गेलं. शाल, मानपत्र सगळं इतरांनी दिलं. मी तुम्हाला फक्त एवढं सांगू शकते की उद्या गाव सोडताना चाकामार्कावरचा राग बरोबर नेऊ नका. तो माझा आहे, माझ्यावर काढा. बसमध्ये बारा तास आहेत.

अध्यक्षबाईंनी आणि आयोजकांनी मला बोलू दिलं, चिठ्ठ्या पाठवूनही माईक बंद केला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. तुम्ही सगळे खुर्च्या न वाजवता बसलात, तुमचेही. आता बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं म्हणून खाली बसायचं असतं. पण बोलण्यातलं मला काही परत घ्यायचं नाही. माझी चूक न बोलण्यात झाली, आणि ती माफ करणं या सभागृहाच्या हातात नाही. एर्मेलिंदा, तू काहीही केलं नव्हतंस. मला माहीत होतं. मी हात जोडते. तू आत्ता काही बोलू नकोस, लोकांदेखत माझी लाज राखायला तर मुळीच नको. या लावणीला मी कुदळ घेऊन येईन. तू दारातून परत पाठवलंस तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येईन.

तायता, उठलात का? माईक हवा आहे? नको?

अहो, त्यांना खाली उतरायचंय. हात द्या कुणीतरी, पायरी उंच आहे. मंडळी, जरा पाय आखडते घ्या, वाट द्या. एर्मेलिंदापाशी जायचंय त्यांना.