चौथ्या आठवड्याचा व्हिडिओ

हॅलो?… हो, नेरिमानच बोलतेय. बोल, आनलीस.

…हो, वर्ग मधेच सोडून आले. नाही, तब्येत ठीक आहे. मुलांनी कळवलं ना तुला? मग मला काय विचारतेस?

…अगं ऐक ना. पेशंटशी कसं बोलायचं त्याचे व्हिडिओ तू करतेस, मुलं ते घरी बघून येतात, आणि गुरुवारी मी त्यांच्याशी वर्गात बोलते. चार वर्षं असंच चाललंय. चौथ्या आठवड्याचा हा नवा व्हिडिओ मी आज सकाळी ट्राममध्ये बघितला.

…हो, तोच. गिरणीतला तुर्की म्हातारा. डॉक्टर बोलतोय आणि हा काही न कळता नुसता ‘हो, हो’ करतोय… नाव नाही घातलंस, खरंय. टोपी मात्र बाबांचीच. मी दाखवलेल्या फोटोतली.

…हो, बाबांचं मीच सांगितलं होतं. कँटीनमध्ये. रडत होते मी. तू माझा हात धरला होतास.

…नाही गं, मुलं वाईट नाहीत. हसली. तो नट मानच अशी हलवतो. मग त्यांच्यातली लोटे म्हणाली, ‘पण शेवटी दुभाषी आला, सगळं नीट झालं ना?’

…तो शेवट कुठून आणलास?

…शिकवण्यापुरता. अच्छा.

…मग मी मुलांना खरं ते सांगितलं. दुभाषी कुणी आलाच नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या ऑपरेशनच्या आधी बंद करायच्या होत्या. बाबा ‘हो’ म्हणाले आणि घेत राहिले. टेबलावरच गेले. एरवी दवाखान्यात भाषांतराला मीच जायचे. त्या दिवशी माझा पेपर होता… हो, हेही सांगितलं. वर्गात.

…नाही. मग कुणी हसलं नाही.

…काय? संमतीचा कागद? …आणखी दोन विद्यापीठं हा व्हिडिओ घेतायत, म्हणून माझी सही. म्हणजे त्यासाठी फोन केलास. मला वाटलं… जाऊ दे.

…ओरडत नाहीये मी. सही करते. शेवट बदल.

…मुलांना जड जाईल. बरं.

…मग पुढच्या गुरुवारी वर्गावर तूच जा. हो, त्याच्या पुढच्याही. लोटे खिडकीपाशी बसते. तिनं निघताना विचारलं, ‘मॅडम, हे दाखवण्याआधी तुम्हाला कुणी विचारलं होतं का?’ तिला उत्तर तू दे.

…सही? नाही, आनलीस. ठेवते.